इंग्रजीचं पथ्य

गोर्ना व्हर्बा,
२ मार्च २०१४

प्रिय मेव्हिस,

खुब्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. फोन केला असता, पण तुला ऐकू येत नाही आणि मला फोनमध्ये बोंबलायला आवडत नाही. तेव्हा आपली पत्रंच बरी.

तू विचारतेस, बल्गेरियात जाऊन सहा वर्षं झाली, तिथली भाषा येते का रे तुला? येते का म्हणजे काय! मागच्या महिन्यात आमच्या सरपंचाची, दोब्रिनची, साठी झाली. मी उभा राहिलो आणि चांगला दहा मिनिटं बोललो. माणसं हसली, टाळ्या वाजवल्या, एका म्हातारीनं तर डोळे पुसले. दोब्रिन म्हणाला, "ट्रेव्हर, असं भाषण या गावात आजवर झालं नव्हतं." आता बोल! स्पेनमध्ये घरं घेऊन राहिलेले आपले लोक वीस वर्षांत 'एक बिअर' याच्या पुढे जात नाहीत. मी त्यातला नव्हे.

शेजारच्या नेवेनाबद्दल विचारलंस. भिंतीपलीकडे राहते. चौसष्ट वर्षांची, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. हाताला चव आहे, जिभेला धार आहे. तिच्या वेळी शाळेत रशियन शिकवायचे, त्यामुळे इंग्रजीचा गंधही नाही. आम्ही भिंतीशी उभे राहून तास तास बोलतो. काल तिनं माझ्या मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधला. एक मार्चला इथं सगळेच एकमेकांना बांधतात, तेव्हा भलता अर्थ काढू नकोस. तिची मुलगी रायना तिकडे समुद्रकाठी, वार्नाला असते. आईनं घर बंद करून कायमचं तिच्याकडे यावं म्हणून ती मागे लागलीय. ईस्टरला काय ते सांगते, असं नेवेनानं तिला कळवलंय, असं दुकानातली पेंका सांगत होती. जाईना बापडी. मला काय त्याचं?

पाय जपून टाक.

तुझा,
ट्रेव्हर

---

स्किप्टन,
१३ मार्च

प्रिय ट्रेव्हर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा करमणूक म्हणून आणि एकदा उलटतपासणीसाठी. नेवेनाशी तू तास तास बोलतोस आणि ती गाव सोडून चालली ही बातमी तुला दुकानदारीण देते? मग भिंतीशी उभं राहून तुम्ही काय पाढे म्हणता?

मला बुलोन आठवतंय हो. एकाहत्तर साली आपण बोटीनं फ्रान्सला गेलो होतो. शाळेत पाच वर्षं फ्रेंच शिकलेला तू, पाववाल्याकडे इंग्रजीत पाव मागितलास. त्याला कळेना, म्हणून मोठ्यानं मागितलास. तरी कळेना, तर हळूहळू आणि आणखी मोठ्यानं. शेवटी त्यानं तुला खुर्ची आणि पाण्याचा पेला दिला, कारण त्याला वाटलं तुला भोवळ येतेय. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

माझं बरं चाललंय. घरी मदतीला जानेवारीपासून इस्क्रा नावाची मुलगी येते, परदेशातली आहे. सूप फक्कड करते आणि माझ्या व्यायामाच्या बाबतीत हवालदारासारखी वागते. आणि हो, तो मनगटाचा दोरा कंटाळून तोडू नकोस. करकोचा दिसला किंवा झाडाला मोहर आला की फांदीला बांधायचा असतो.

आता मुद्द्याचं. 'मला काय त्याचं' हा तुझा सूर मी ओळखते. तुझी बायको जॉयस गेली तेव्हा महिनाभर लिहीत होतास, 'मी मजेत आहे, शेड रंगवतोय.' तीनदा रंगवलीस ती शेड. म्हणून एकच विचारते, आणि याचं उत्तर सरळ दे: नेवेना गेलेली तुला चालेल का?

मेव्हिस

---

गोर्ना व्हर्बा,
२४ मार्च

प्रिय मेव्हिस,

तू पोस्टात उगाच आयुष्य घालवलंस, पोलिसात जायला हवं होतंस. आणि दोऱ्याचं हे सगळं तुला कसं ठाऊक? टीव्हीवर पाहिलंस वाटतं. तुझ्या त्या इस्क्राशी बोलताना जरा हळू आणि मोठ्यानं बोलत जा, परक्या माणसांना त्यानं कळतं.

भाषेबद्दल थोडा खुलासा करतो. मला बोलायचं असतं गं, पण बोलू देतात कुठं? परवा मी घरून घोकून गेलो, दुकानात उभा राहिलो आणि बल्गेरियनमध्ये यीस्ट मागितलं. पेंका तोंड भरून हसली आणि इंग्रजीत म्हणाली, "ताजं देऊ का सुकं, मिस्टर ट्रेव्हर?" झालं! घोकंपट्टी पाण्यात. बसचा ड्रायव्हर मी दिसलो की आपल्या राणीची तब्येत विचारतो. दोब्रिन फुटबॉलवर घसरतो. लीड्सच्या संघाची माझ्यापेक्षा त्याला जास्त काळजी. जगात ज्याला त्याला इंग्रजी हवंय आणि या गावात मी एकटा फुकटचा मास्तर. एखादा फ्रेंच माणूस इथं येऊन राहिला असता तर उपाशी मरण्याच्या भीतीनं तरी शिकला असता. आपल्याला कुणी उपाशी ठेवतच नाही, इथंच तर घोडं पेंड खातं.

आणि दुसरं म्हणजे लाज. ते आपली भाषा मोडकी बोलले की आपण म्हणतो, किती गोड. आपण त्यांची मोडकी बोललो की आपल्याला वाटतं, भर बाजारात विजार सुटली.

बरं, तुझा प्रश्न. नेवेना गेलेली मला चालणार नाही. लिहून टाकलं एकदाचं. सकाळी भिंतीपलीकडून ती कोंबड्यांना शिव्या देते, ते ऐकल्याशिवाय मला चहा करायचं सुचत नाही. ती गेली तर या गावात माझ्याजवळ घर उरेल, पण शेजार उरणार नाही. आणि अडुसष्टाव्या वर्षी मला पुन्हा शेड रंगवायची नाहीये.

पण मला चालो न चालो, तिला मी नकोय. पुरावा देतो. ईस्टरच्या आधीच्या रविवारी इथं ज्यांची ज्यांची नावं फुलांवरून आहेत त्यांचा नावाचा सण असतो. नेवेना हे फुलाचंच नाव. त्या दिवशी ती फाटकाला विलोच्या डहाळ्या लावते, अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली लांबलचक टेबल मांडते, मासे तळते. सगळं गाव लोटतं. पलीकडच्या गावचा गुरांचा डॉक्टरसुद्धा येतो! आणि मी? सहा वर्षांत मला एकदाही बोलावणं नाही. कुणाच्या दारात न बोलावता पाऊल टाकू नये, ही आपल्या आईची शिकवण. मी पडद्याआड बसून सँडविच खातो. एका वर्षी तर ती फाटकात येऊन माझ्या खिडकीकडे बघत उभी राहिली होती. मी पडदा ओढून घेतला, तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

यंदा तो सण तेरा एप्रिलला आहे. इथला तिचा शेवटचाच असेल. आपलं स्थान आपण ओळखावं माणसानं.

ट्रेव्हर

---

स्किप्टन,
१ एप्रिल

अरे गाढवा,

तारीख पाहून हे एप्रिल फूल समजू नकोस. तुझं पत्र आजच सकाळी आलं. मी ते इस्क्राला वाचून दाखवलं. पडद्याच्या जागी पोचले तर ही पोरगी हसता हसता खुर्चीवरून खाली आली, आणि मग हसू आवरून म्हणाली, "बिचारी बाई!" बिचारा तू नव्हेस हं, बिचारी ती.

कारण इस्क्रा बल्गेरियाची आहे. प्लोव्हदिवची. मी तुझ्यापासून लपवलं. जानेवारीपासून मी तिच्याकडून बल्गेरियन शिकतेय, रोज तासभर, व्यायाम करताना. तुझ्या आधीच्या पत्रांतल्या फुशारक्या वाचून तुला एकदा गार करायचं होतं मला! मला ऐकू येत नाही ते इथं कामाला आलं बघ. मी तिच्या तोंडाकडे बघते, ओठ कसे हलतात ते टिपते, आणि चुकले की ती हसते, ते हसणं मला ऐकूच येत नाही. सगळ्या इंग्लंडला कान धड आहेत म्हणून तर कुणाला काही शिकता येत नाही.

आता कान देऊन वाच. नावाच्या सणाला तिथं कुणी कुणाला बोलावतच नाही! बोलावणं पाठवणं म्हणजे अपमान. जणू सांगितल्याशिवाय तुम्ही आलाच नसता. ज्याला ती बाई आपली वाटते तो आपणहून येतो. दार उघडं असतं, टेबल मांडलेलं असतं. गुरांचा डॉक्टर येतो तो असाच. सहा वर्षं ती मांडवाखाली तुझी वाट बघतेय, आणि सहा वर्षं तू तिला दाखवतोयस की तू माझी कुणी नाहीस. वर फाटकात आली तर तोंडावर पडदा ओढलास. धन्य तुझी!

आणि गावातल्या एवढ्या इंग्रजी बोलणाऱ्यांपैकी कुणी तुला हे सांगितलं कसं नाही, हा प्रश्न मी इस्क्राला विचारला. ती म्हणाली, "जे सगळ्यांनाच ठाऊक असतं ते कोण कशाला सांगेल? आणि इंग्रजी बोलायला लागलो की आम्ही इंग्लंडबद्दलच बोलतो." बघ म्हणजे. राणी, फुटबॉल, हवा. सहा वर्षं ती माणसं मोठ्या प्रेमानं तुला तुझंच इंग्लंड परत वाढताहेत.

तर तेरा तारखेला जायचं. फुलं न्यायची, पण विषम संख्येत. सम फुलं तिथं फक्त मेलेल्याला. शुभेच्छा कशा द्यायच्या ते सोबतच्या कागदावर आपल्या अक्षरांत लिहिलंय. आणि कुणी इंग्रजीत तोंड उघडलं की त्याखालचं वाक्य म्हणायचं: 'डॉक्टरांनी मला इंग्रजी बंद केलंय.' कारण विचारलं तर छातीवर हात ठेवायचा. ही माझी युक्ती. इस्क्रा म्हणते पाप लागेल. मी म्हटलं, माझ्या खात्यावर घाल.

ट्रेव्हर, तू तिथं एकटा म्हातारा व्हावंस असं मला वाटत नाही. मला तिकडे येता येत नाही आणि तू इकडे येणार नाहीस. तिचं दार उघडं आहे तोवर जा.

मेव्हिस

---

गोर्ना व्हर्बा,
१० एप्रिल

मेव्हिस,

पत्र आज मिळालं. मी पायरीवरच बसून वाचलं आणि तासभर तिथंच बसून राहिलो.

आता लपवण्यात अर्थ नाही. मला सगळे मिळून चाळीस शब्द येतात. त्यातले तीस खाण्याचे. साठीचं ते भाषण मी इंग्रजीत केलं होतं. आणि नेवेनाशी तास तास बोलतो म्हणजे, ती बोलते आणि मी मान हलवतो. इथं मान हलवण्याचीही भानगड आहे. वर-खाली हलवली की नाही आणि आडवी हलवली की हो. मला ते माहीत आहे, पण तिला हेही माहीत आहे की मी इंग्रज आहे. त्यामुळे मी नक्की काय म्हणालो हे आम्हा दोघांनाही कधी कळत नाही.

सहा वर्षं. तोंडावर पडदा ओढला मी तिच्या! मला स्वतःची शरम वाटते.

पण जायचं म्हणजे सगळ्या गावासमोर तोंड उघडायचं. ते हसतील. चाळीस शब्दांत माणूस काय सांगणार, वांगी आवडतात? मला नाही जमायचं. हे पत्र तुला मिळेल तोवर तो रविवार होऊन गेला असेल. रागावू नकोस.

ट्रेव्हर

---

स्किप्टन,
१४ एप्रिल

ट्रेव्हर,

गेलास का नाहीस? इस्क्रा आल्या आल्या आधी टपालपेटी बघते आणि मग माझ्याकडे. काल सूप करपवलं. एका शब्दात कळव. आणि नसशील गेलास, तर तेही कळव, म्हणजे मला निवांतपणे संताप करता येईल.

मेव्हिस

---

गोर्ना व्हर्बा,
२२ एप्रिल

प्रिय मेव्हिस,

गेलो.

सकाळी पक्कं ठरवलं होतं की जायचं नाही. मग भिंतीपलीकडे टेबल सरकवल्याचा आवाज आला, आणि पडद्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. अंगणातली अकरा ट्यूलिप कापली, कोट चढवला. वाटेत पेंका भेटली. तिनं कौतुकानं, न मोजताच, आपल्या जुडीतलं एक फूल काढून माझ्या हातात खुपसलं. बारा झाली! ही आमची पेंका, इंग्रज दिसला की तिला त्याला काहीतरी जास्तीचं द्यायचंच असतं. बारावं मी फाटकाशी पोचता पोचता खिशात कोंबलं.

आत पाऊल टाकलं तर चाळीस माणसं खाताखाता थांबली. नेवेना हातात माशांचं ताट घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली. दोब्रिन ओरडला, "मिस्टर ट्रेव्हर! लीड्स कसं खेळलं?" तुझा कागद घरीच राहिलेला. मी छातीवर हात ठेवला आणि बल्गेरियनमध्ये म्हणालो, "डॉक्टर. इंग्रजी बंद."

मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. दोब्रिनचा चेहरा पडला. त्यानं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, मग खुर्चीवर चढून गावाला सुनावलं. त्यातलं 'इंग्रजी', 'ट्रेव्हर' आणि 'मरेल' एवढं मला कळलं. त्या क्षणापासून बंदोबस्त सुरू! ड्रायव्हर राणीचं विचारायला तोंड उघडतो तर त्याच्या बायकोनं कोपर मारलं. गुरांच्या डॉक्टरनं माझी नाडी बघितली, जीभ बघितली आणि गंभीरपणे मान हलवली. आडवी, म्हणजे हो, खरं आहे.

आणि मग नेवेना पुढे आली. ताट खाली ठेवलं, हात पुसले, शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मिस्टर ट्रेव्हर, प्लीज..." इंग्रजीत, मेव्हिस! जिला इंग्रजीचा गंध नाही म्हणून मी लिहिलं होतं ती! दोब्रिननं झडप घालून तिच्या तोंडासमोर हात धरला. "नेवेना! मारतेस का त्याला?" ती लालबुंद झाली. मागून पेंका खाणाखुणा करून मला सांगत होती: पुस्तक, लिहिणं, आपल्या छातीवर बोट, हुडहुडी. म्हणजे तिनंच शिकवलं होतं, सगळा हिवाळाभर. माझ्यासाठी एक वाक्य पाठ केलं होतं त्या बाईनं, आणि तुझ्या त्या अवलक्षणी युक्तीपायी ते तिच्या घशातच राहिलं!

आता तिला इंग्रजीत बोलता येईना आणि मला बल्गेरियनमध्ये. चाळीस माणसं बघताहेत. म्हटलं, होऊ दे हसं. ही बाई फुलं घेईल आणि पुढच्या महिन्यात घराला कुलूप लागेल, मग अब्रू घेऊन काय चाटायचीय? मी उभा राहिलो आणि होते नव्हते ते शब्द बाहेर काढले. ते असे झाले: "नेवेना. तू वार्ना नाही. तू इथं. तू वार्ना, मी सूप एकटा."

हसले गं. असे हसले की कोंबड्या भिंतीवर चढल्या. दोब्रिन टेबलावर मूठ आपटत "सूप एकटा! सूप एकटा!" करत होता. आणि मला विजार सुटल्यासारखं काही वाटलं नाही. नेवेनाही हसली, मग तोंडाला एप्रन लावून रडली, मग माझ्या पानात तीन मासे वाढले आणि माझ्याकडे बघून खूप वेळ काहीतरी बोलली. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी ना मान वर-खाली केली ना आडवी. नुसता बघत राहिलो.

त्यानंतरचा आठवडा विचारू नकोस. दुकानात यीस्ट हवं तर बल्गेरियनमध्येच मागावं लागतं. चुकलं तर पेंका कपाळावर हात मारते, पण इंग्रजीचा एक शब्द काढत नाही, माझ्या जिवाला घोर नको म्हणून. दोब्रिन रोज संध्याकाळी येऊन जोरजोरात आणि हळूहळू बोलतो, बुलोनच्या दुकानात मी बोललो होतो तसा. त्याला वाटतं त्यानं कळतं. आणि नेवेना सकाळ-संध्याकाळ भिंतीशी येते. चमचा दाखवते, चमचा म्हणते. मी म्हणतो. चुकलो की खदखदून हसते आणि पुन्हा म्हणायला लावते. पण वार्नाचं काय, हे विचारायचे शब्द माझ्याकडे नव्हते, आणि असते तरी विचारलं नसतं. उत्तराची भीती वाटत होती.

काल, ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, मी भिंतीच्या अलीकडे कांदे लावत होतो. पलीकडे नेवेनाचा फोन वाजला. रायनाचा. नेवेना फोनवर नेहमी अशी बोलते की वार्नाला फोनशिवायही ऐकू जावं. ती म्हणाली, "नाही गं बाई, कशी येऊ? शेजारी आजारी आहे. नाही, चांगला जेवतो. इंग्रजी बंद केलंय त्याला डॉक्टरांनी. आपली भाषा येत नाही धड, सूप आणि चमचा एवढंच येतं. मी गेले तर कुणाशी बोलेल तो? मरेल बिचारा! नाही, नाही. घर राहू दे. मी कुठंही जात नाही."

मी कांद्यांच्या वाफ्यात तसाच बसून राहिलो. मेव्हिस, मला सगळं कळलं. काही शब्द सुटले असतील, पण सूप, चमचा, बंद, मरेल हे आठवडाभर कानावर पडलेलेच होते. कुणाला काही विचारावं लागलं नाही.

इस्क्राला सांग, सूप आता करपवू नकोस. आणि तुझ्या नावावरचं पाप तेवढं राहू दे. काल संध्याकाळी दोब्रिन काळजीनं विचारत होता, हे पथ्य किती दिवस चालायचं? मी छातीवर हात ठेवला आणि त्याच्या भाषेत सांगितलं, डॉक्टर म्हणतात, जन्मभर.

तुझा,
ट्रेव्हर